दिल्ली किती दूर?

तिकिटावर सव्वादोन तास लिहिलेले असतात. नकाशावर अंतर दिसते जेमतेम अकराशे चाळीस किलोमीटर. मग घरातून निघालेला माणूस दिल्लीतल्या घराची बेल वाजवीपर्यंत त्याचा सारा दिवस जातो कुठे?

मुलाला नोएडात नोकरी लागली आहे. मुलीचे सासर गुरुग्रामला आहे. पुतण्या स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी राजेंद्रनगरमध्ये खोली घेऊन राहतो. शेजारच्या आजोबांना 'एम्स'मध्ये दाखवायचे आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचा दिल्लीशी आज असा काही ना काही संबंध जडलेला आहे. आणि अशा प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा कुणीतरी म्हणतेच, ''विमानाने काय हो, दोन तासांत दिल्ली!''

म्हणणारा खोटे बोलत नाही. विमान खरोखरच दोन-सव्वादोन तासांत पोहोचते. पण या दोन तासांच्या भरवशावर आखलेले बेत मात्र हटकून फसतात. डॉक्टरांनी दुपारी बाराची वेळ दिलेली असते आणि घरचे सकाळी आठचे विमान पकडतात. दहा वाजता मुलाखत असते आणि उमेदवार पहाटेच्या पहिल्या विमानात बसतो. सर्वांत वाईट अवस्था होते ती निधनाची बातमी आल्यावर. 'मी येतोय, दोन तासांत पोहोचतो, तोवर थांबा,' असे सांगून भाऊ निघतो, तिकडे मंडळी खोळंबून बसतात आणि तो पोहोचतो तिन्हीसांजेला. कुणाचीच चूक नसते. फक्त कुणीतरी उड्डाणाच्या वेळेला प्रवासाची वेळ समजलेले असते.

दोरा आणि पृथ्वीचा गोल

आधी अंतर पाहू. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर मुंबईपासून दिल्लीपर्यंत एक दोरा ताणून धरा. हा ताणलेला दोरा म्हणजे दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर. मुंबईच्या सांताक्रूझ-सहार विमानतळापासून दिल्लीच्या पालमपर्यंत ते सुमारे १,१४० किलोमीटर भरते. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, म्हणजे त्यांच्या हिशेबाने सुमारे ६१५ मैल. हा दोरा डांगच्या जंगलावरून निघतो, पुढे मंदसौर, बुंदी-कोटा आणि अलवरच्या आसपासून दिल्लीत शिरतो. रेल्वेचा मार्ग वडोदरा, रतलाम, कोटा, मथुरा असा वळसे घेत जातो, म्हणून मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हे अंतर १,३८४ किलोमीटर होते.

महाराष्ट्रातल्या इतर शहरांचे दोरे असेच ताणून पाहिले तर पुण्याहून दिल्ली साधारण १,१५५, छत्रपती संभाजीनगरहून ९८५ आणि नागपूरहून ८५५ किलोमीटर भरते. गोव्याच्या दाबोळीहून १,५०० किलोमीटर. इथे एक गंमत ध्यानात येते. नागपूर मुंबईपेक्षा दिल्लीला पावणेतीनशे किलोमीटरहून अधिक जवळ आहे, तरी तिकिटावरच्या वेळेत फरक पडतो तो जेमतेम अर्ध्या तासाचा. याचा अर्थ उघड आहे. वेळेचा मोठा हिस्सा अंतराशी बांधलेलाच नाही.

मध्यम पल्ल्याचे नेहमीचे जेट विमान पूर्ण उंचीवर गेल्यावर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे मिनिटाला जवळजवळ चौदा किलोमीटर. त्याच वेगाने ते दारापासून दारापर्यंत जाऊ शकले असते तर मुंबई-दिल्ली अंतर ऐंशी-ब्याऐंशी मिनिटांत संपले असते. पण वर चढताना आणि खाली येताना वेग कमी असतो. त्यामुळे चाके जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत साधारण पावणेदोन तास लागतात.

हिवाळ्यात उत्तर भारतावर फार उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. मुंबईहून दिल्लीला जाणारे विमान उत्तरेकडे किंचित पूर्वेला झुकून जाते, म्हणून या वाऱ्याचा त्याला थोडासाच धक्का मिळतो आणि परतताना थोडासाच अडथळा होतो. दिल्ली-कोलकाता मार्गावर मात्र हा फरक चांगलाच जाणवतो. तिकडे जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर.

दोनशे वर्षांचा फरक

थोरल्या बाजीरावाने १७३७ च्या मार्चअखेर दिल्लीच्या वेशीवर धडक मारली, तेव्हा त्याच्या घोडदळाचा वेग हाच बादशहाच्या दरबारात चर्चेचा विषय झाला होता. बरोबर दोनशे वर्षांनी, १९३७ मध्ये, टाटांच्या विमान कंपनीने मुंबई-दिल्ली सेवा सुरू केली. ते छोटे विमान वाटेत इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर अशा तीन ठिकाणी थांबत असे. त्याआधी पाच वर्षे, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या मैदानात उतरले होते. त्या सुरुवातीच्या काळात पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई आणि विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. आजच्या मुंबईकराला हे ऐकून फारसे नवल वाटणार नाही.

स्वातंत्र्यानंतर या प्रवासातला एक सुंदर अध्याय नागपूरने लिहिला. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक डाकोटा विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान पहाटेपर्यंत आपापल्या गावी परते. नागपूरपासून ही शहरे साधारण सातशे ते हजार किलोमीटरवर असल्याने हा हिशेब नेमका जुळत असे. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत मिळू लागले. विमान हळू होते, पण सेवा जलद होती. वेळ वाचवली होती ती वेळापत्रक आखणाऱ्याने.

त्यानंतर विमाने वेगवान होत गेली. इंडियन एअरलाइन्सकडे १९५७ मध्ये व्हायकाउंट आले आणि १९६४ मध्ये कॅराव्हेल हे जेट विमान आले. या कॅराव्हेलचा वेग आजच्या विमानांच्या आसपासच होता. म्हणजे मुंबई-दिल्ली मार्गावरचा आकाशातला वेग गेल्या साठ वर्षांत जवळजवळ वाढलेलाच नाही. इंधन कमी लागू लागले, आवाज कमी झाला, आसने वाढली आणि पाय ठेवायची जागा तेवढी घटली. वेळ मात्र आहे तिथेच राहिली. उलट तिकिटावर ती थोडी वाढलीच.

तिकिटावरची वेळ म्हणजे काय?

तिकिटावरचे 'निघण्याची वेळ ९.३०' याचा अर्थ साडेनऊला विमान आकाशात असेल असा नाही. त्या वेळी चाकांपुढची अडण काढून विमान आपल्या जागेवरून मागे ढकलले जाते. त्याचप्रमाणे 'पोहोचण्याची वेळ ११.४५' म्हणजे दिल्लीत ठरलेल्या जागी उभे राहून त्याच्या चाकांना पुन्हा अडण लागण्याची वेळ. या दोन अडणींमधल्या काळाला विमान कंपन्या 'ब्लॉक टाइम' म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे येते, तिथली रांग येते, उड्डाण येते आणि उतरल्यावर पुन्हा रांगत जाणे येते. मुंबई-दिल्लीसाठी हा काळ बहुधा दोन तास दहा मिनिटांपासून दोन तास पंचवीस मिनिटांपर्यंत दाखवलेला असतो.

यात कंपन्यांचा थोडा धूर्तपणाही आहे. ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असलेले विमान वेळेवर मानण्याची पद्धत आहे. वेळापत्रकातच दहा-पंधरा मिनिटे जास्तीची ठेवली की उशिरा निघालेले विमानही वेळेवर पोहोचते. रस्ता मोकळा मिळाला तर ते चक्क लवकर येते. मग 'आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटे आधी पोहोचलो आहोत' अशी घोषणा होते आणि प्रवासी खूश होतात. अर्थात, यात फसवणूक आहे असे म्हणणेही बरोबर नाही. विमानतळावरची गर्दी खरी आहे आणि तिचा वेळ कुठेतरी धरावाच लागतो.

मुंबईचेच पाहा. इथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी खऱ्या अर्थाने एकच वापरता येते. अशा एका धावपट्टीवर डिसेंबर २०१८ मध्ये चोवीस तासांत हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली होती. दर दीड मिनिटाला एक विमान! त्या रांगेत एखादे विमान दोन मिनिटे रेंगाळले की मागच्या दहा विमानांना त्याची झळ लागते.

आकाशातही रस्ते असतात

विमानाला मोकळे आकाश मिळते, हवे तिकडून जाता येते, हा एक समज आहे. आकाशातही आखलेले रस्ते असतात, वरचे-खालचे मजले असतात आणि काही प्रदेश हवाई दलासाठी राखलेले असतात. हे नियम कशासाठी, ते दिल्लीनेच फार मोठी किंमत देऊन शिकवले. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे विमान आणि दिल्लीत उतरायला येणारे कझाकस्तानचे विमान हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात एकमेकांवर आदळले. दोन्ही विमानांतले सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्या काळी तिथे येणारी आणि जाणारी विमाने एकाच मार्गिकेतून वेगवेगळ्या उंचीवर चालत. या अपघातानंतर येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे करण्यात आले आणि टकरीची आगाऊ सूचना देणारे यंत्र भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीचे झाले. आज वळसा घेऊन येण्यात जी चार-पाच मिनिटे जातात, त्यांचा हिशेब करताना ही संध्याकाळ आठवावी.

दिल्लीत उतरतानाचा वळसा तर खिडकीशी बसलेल्या प्रवाशालाही दिसतो. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरवतात. दिल्लीत वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून येतो. त्यामुळे नैर्ऋत्येकडून आलेले मुंबईचे विमान सरळ खाली उतरत नाही. ते शहराच्या पूर्वेला जाते, यमुनेचे पात्र दिसते, फरीदाबाद-नोएडाच्या बाजूने वळून ते पश्चिमेकडे तोंड करते आणि मग उतरते. विमानतळ मागे टाकून विमान पुढे चालले की नवखा प्रवासी घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. ते रांगेत आपल्या जागी उभे राहायला चाललेले असते.

पालमवर आज चार धावपट्ट्या आहेत. चौथी जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. त्यांतली एक ४,४३० मीटर लांबीची आहे, पण पूर्वेकडून उतरताना तिचा सुरुवातीचा बराच भाग वापरता येत नाही, कारण त्या टोकाबाहेर रंगपुरीजवळ शंकराची उंच मूर्ती उभी आहे. विमान मूर्तीवरून सुरक्षित उंची राखून पुढे उतरते. दिल्ली-जयपूर महामार्गावरून जाणाऱ्यांना ही मूर्ती आणि तिच्या माथ्यावरून जाणारी विमाने एकाच वेळी दिसतात.

शेजारी देशांचे राजकारणही या अंतरात शिरते. पाकिस्तानचे आकाश २०१९ मध्ये काही महिने भारतीय विमानांना बंद झाले आणि २४ एप्रिल २०२५ पासून ते पुन्हा बंद झाले, तेव्हा दिल्लीहून युरोपला निघालेली भारतीय विमाने आधी दक्षिणेला गुजरातकडे येऊन, अरबी समुद्र ओलांडून पश्चिमेला वळू लागली. दिल्ली-लंडन हा दोरा पृथ्वीच्या गोलावर तोच राहिला, पण प्रवास तासभर किंवा त्याहून अधिक लांबला. मुलाकडे लंडनला निघालेल्या आई-वडिलांसाठी मुंबईहून थेट जाणे दिल्लीमार्गे जाण्यापेक्षा सोयीचे ठरू लागले ते यामुळेच.

धुक्याचे दिवस

दिल्लीच्या प्रवासातला खरा खलनायक म्हणजे धुके. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेकडून येणारा हलका पाऊस पडून जातो, जमीन ओलसर राहते, रात्री आभाळ निरभ्र होते, वारा पडतो आणि जमीन झपाट्याने गार होते. पहाटे दोन-तीनच्या सुमारास धुके दाटू लागते आणि बऱ्याचदा सकाळी नऊ-दहापर्यंत हलत नाही. त्यात धुराची भर पडली की ते आणखी चिवट होते.

दिल्लीच्या धावपट्ट्यांवर अशी यंत्रणा आहे की पन्नास मीटरपर्यंतच दिसत असले तरी विमान उतरू शकते. मग विमाने रखडतात का? पहिले कारण असे की यंत्रणा नुसती जमिनीवर असून भागत नाही. ती विमानातही हवी आणि वैमानिकाचे तसे प्रशिक्षणही झालेले हवे. धुक्याच्या काळात, म्हणजे साधारण १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी, दिल्लीला असेच वैमानिक पाठवावेत अशी अपेक्षा असते. पण दर वर्षी काही विमाने जयपूर, लखनौ किंवा अहमदाबादला वळवावी लागतातच.

दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. दाट धुक्यात विमान यंत्राच्या भरवशावर उतरते, पण उड्डाण वैमानिकाला स्वतःच्या हाताने करावे लागते. त्यासाठी त्याला धावपट्टी अधिक लांबवर दिसावी लागते. म्हणजे एक वेळ अशी येते की विमाने उतरू शकतात, पण उडू शकत नाहीत. उभे राहण्याच्या जागा भरत जातात. नव्या विमानांना जागा मिळत नाही. शिवाय धुक्यात दोन विमानांमधले अंतर वाढवावे लागते, म्हणून रांग आणखी लांबते.

आणि एक विमान दिवसात चार-सहा फेऱ्या करते. पहाटे सहाला दिल्लीत अडकलेले विमान नऊला मुंबईला यायचे असते, तिथून दुपारी गोव्याला, मग पुन्हा मुंबईला. म्हणून संध्याकाळी पाच वाजता लख्ख उन्हात मुंबईला बसलेल्या प्रवाशाला जेव्हा 'दिल्लीतल्या धुक्यामुळे विलंब' असे सांगतात, तेव्हा तो चिडतो, पण सांगणारा खरे बोलत असतो. जानेवारीत दिल्लीला जायचेच असेल तर दुपारी बारा ते चार या वेळात पोहोचणारे विमान निवडावे. पहाटेचे पहिले विमान एरवी सर्वांत भरवशाचे, पण या दोन महिन्यांत तेच सर्वांत बेभरवशाचे.

जानेवारीत आणखी एक अडथळा असतो. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी दिल्लीचे आकाश काही तास बंद ठेवतात. २०२५ मध्ये १९ ते २६ जानेवारी या काळात रोज सकाळी १०.२० ते १२.४५ पर्यंत तिथे विमानांची ये-जा थांबवली होती. त्या आठवड्यातल्या लग्नाला, मुंजीला निघणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी त्या वर्षीची सूचना पाहून घ्यावी.

कोणते विमानतळ?

पूर्वी 'दिल्ली विमानतळ' म्हटले की एवढेच पुरेसे होते. आता दिल्ली परिसराला एकाहून अधिक दारे आहेत. गाझियाबादजवळच्या हिंडन या हवाई दलाच्या तळावरून २०१९ पासून प्रवासी विमाने उडू लागली आणि २०२५ मध्ये ती मुंबईपर्यंत पोहोचली. ग्रेटर नोएडाच्याही पुढे जेवर येथे मोठ्या विमानतळाची पायाभरणी २५ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. पालमपासून ते सत्तर किलोमीटरहून दूर आहे. इकडे मुंबईतही तेच. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने निघू लागली. पनवेल, पेण, लोणावळ्याच्या लोकांना ते सोयीचे, पण बोरिवलीकराला नाही.

तेव्हा तिकिटावर नुसते शहराचे नाव वाचून चालणार नाही. विमानतळाची तीन अक्षरेही वाचावीत. मुंबईची अक्षरे 'बीओएम' आहेत, कारण शहराचे नाव १९९५ मध्ये बदलले तरी ही जुन्या बॉम्बेची अक्षरे तशीच राहिली. पालमची 'डीईएल', हिंडनची 'एचडीओ' आणि नवी मुंबईची 'एनएमआय'. गाझियाबादच्या मुलीकडे निघालेल्यांना हिंडनला उतरून अर्ध्या-पाऊण तासात घर गाठता येते. पालमला उतरले तर त्यांना सगळी दिल्ली ओलांडावी लागते. उलट गुरुग्रामला जाणाऱ्याने चार पैसे वाचतात म्हणून हिंडनचे तिकीट काढले तर ते पैसे टॅक्सीत जातील आणि वर दीड-दोन तासही.

पालमलाही टर्मिनल एक आणि टर्मिनल तीन यांत चालत जाण्यासारखे अंतर नाही. टर्मिनल तीन २०१० मध्ये सुरू झाले. तिथून नवी दिल्ली रेल्वे स्टेशनला जाणारी मेट्रोची वेगळी जलद गाडी आहे. ती साधारण वीस मिनिटांत पोहोचवते. टॅक्सीला हीच वाट संध्याकाळी तासाहून अधिक घेते. टर्मिनल एकलाही मेट्रोचे स्वतंत्र स्टेशन २०१८ पासून आहे, पण ते दुसऱ्या मार्गावर आहे. चुकीच्या टर्मिनलला उतरलेला प्रवासी धावतपळत दुसरीकडे पोहोचेपर्यंत काउंटर बंद झालेले असते.

डोंबिवली ते इंदिरापुरम

आता एक साधा हिशेब मांडू. समजा, डोंबिवलीच्या एका कुटुंबाला गाझियाबादच्या इंदिरापुरमला जायचे आहे. मुंबईहून साडेनऊचे विमान आहे आणि ते पालमला जाते. बहुतेक कंपन्यांचे सामान घेणारे काउंटर देशांतर्गत विमानाच्या तासभर आधी बंद होते, म्हणजे साडेआठला. रांगेचा विचार करून साडेसातला विमानतळावर हवे. सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून दीड तास धरला तर सहाला घर सोडायला हवे. विमान पावणेबाराला दिल्लीत उभे राहिले. बाहेर पडणे, लांबच लांब चालणे, सामानाच्या पट्ट्यापाशी थांबणे, यांत साडेबारा झाले. तिथून इंदिरापुरम गाठायला दीड तास. घड्याळात दोन वाजले. सहा ते दोन, एकूण आठ तास. यातला पूर्ण वेगाने उडण्याचा भाग तासाभराचा.

आता राजधानी एक्स्प्रेस पाहा. मुंबई-दिल्ली राजधानी १९७२ पासून धावते आहे आणि आज ती सोळा तासांच्या आत दिल्ली गाठते. दुपारी तीनला घर सोडायचे, पाचच्या सुमारास गाडीत बसायचे, जेवून झोपायचे आणि सकाळी साडेआठच्या आसपास शहराच्या मध्यभागी उतरायचे. तिथून मेट्रोने दहापर्यंत इंदिरापुरम. एकूण एकोणीस तास, पण त्यातले सात-आठ तास झोपेचे. सकाळी साडेदहाला दिल्लीत काम असेल तर विमानाने जाणाऱ्याला त्यासाठी रात्री दोनला उठावे लागेल आणि धुक्याची चिंता वेगळीच. अशा कामाला राजधानीच बरी, किंवा आदल्या दिवशी दुपारचे विमान. दुपारनंतरचे काम असेल, बरोबर वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, किंवा निधनासारखा प्रसंग असेल तर अर्थातच विमान. पण तेव्हाही दिल्लीतल्या माणसांना आठ तासांचा हिशेब सांगावा, दोन तासांचा नव्हे.

विलंब झाला तर

तिकिटावरच्या त्या 'ब्लॉक टाइम'ला पैशाची किंमतही आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ मध्ये सुधारलेल्या तरतुदींनुसार, ज्या विमानाचा ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत आहे त्याला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशांना खाणे-पिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. मुंबई, पुणे, नागपूरहून दिल्लीला जाणारी विमाने याच गटात येतात. विलंब सहा तासांहून अधिक असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो.

आगाऊ न कळवता विमान रद्द केले तर परताव्याशिवाय भरपाईही मिळते. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर पाच हजार, एक ते दोन तासांसाठी साडेसात हजार आणि दोन तासांहून अधिक असेल तर दहा हजार रुपये. ही कमाल रक्कम आहे. मूळ भाडे व इंधन अधिभार मिळून होणारी रक्कम यापेक्षा कमी असेल तर तेवढीच मिळते. म्हणजे नागपूर-दिल्लीचा प्रवासी साडेसात हजारांच्या गटात आणि मुंबई-दिल्लीचा दहा हजारांच्या. वेळापत्रकात कंपनीने आपल्या सोयीसाठी वाढवून ठेवलेली मिनिटे इथे प्रवाशाच्या उपयोगी पडतात.

धुके, वादळ, हवाई नियंत्रणातला बिघाड अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना मात्र ही भरपाई लागू होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या हवाई नियंत्रणाची संदेश यंत्रणा बिघडली आणि शेकडो विमाने रखडली, तो प्रकार यातलाच. म्हणूनच विमान रद्द झाल्याचे कळताच कारण लेखी मागून घ्यावे, बोर्डिंग पास आणि मोबाइलवर आलेले संदेश जपून ठेवावेत. तोंडी 'तांत्रिक कारण' सांगितले आणि नंतर कागदावर 'हवामान' आले, असे होऊ शकते, आणि तेव्हा प्रवाशाच्या हातात तो संदेश एवढाच पुरावा असतो.